सोलापूर जिल्हा : मतदार, हद्दी आणि लोकप्रतिनिधी

सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि विधानसभेचे मतदारसंघही अकराच. आकडा जुळतो, हद्दी मात्र जुळत नाहीत. मंगळवेढा हा तालुका आहे, पण त्या नावाचा मतदारसंघ आता उरलेला नाही. तो पंढरपूरला जोडला गेला. पंढरपूर तालुक्याची गावे पंढरपूर, माढा, मोहोळ आणि सांगोला अशा चार मतदारसंघांत वाटली गेली आहेत. माढा तालुक्यातील कुर्डुवाडीकडची ३६ गावे करमाळ्याचा आमदार निवडतात, तर माढ्याच्या आमदाराला पंढरपूर आणि माळशिरस तालुक्यांतील गावांपुढे हात जोडावे लागतात. उत्तर सोलापूर तालुक्याच्या ग्रामीण भागातील बरीच गावे मोहोळमध्ये आहेत. लोकसभेच्या वेळी आणखी एक वाटणी होते. मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण आणि शहरातील दोन मतदारसंघ मिळून सोलापूर लोकसभा होते. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस यांना सातारा जिल्ह्यातील फलटण आणि माण जोडून माढा लोकसभा होते, आणि बार्शी धाराशिवच्या खासदाराकडे जाते. जिल्हाधिकारी एक, खासदार तीन, अशी ही रचना आहे.

जिल्ह्याच्या राजकारणावरची चर्चा बहुतेक वेळा जातीच्या आकड्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. कोणत्या समाजाची किती मते, कोणता समाज कोणाच्या पाठीशी, एवढ्यावर उमेदवाराचे भवितव्य सांगितले जाते. गेल्या सत्तर वर्षांचे निकाल एकत्र ठेवले की हे गणित अपुरे पडते. कोण निवडून येतो हे ठरण्यात मतदारसंघाची रेघ कुठून गेली, जागा कोणासाठी राखीव झाली आणि पाणी व ऊस कोणाच्या हाती आहे, या तीन गोष्टींचा वाटा मोठा आहे. समाजांचे आकडे या चौकटीच्या आत काम करतात.

लोकसंख्येची चौकट अशी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. त्यात सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण, आणि सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीत साडेनऊ लाखांहून थोडे अधिक. दर हजार पुरुषांमागे ९३८ स्त्रिया, साक्षरता ७७ टक्के. अनुसूचित जातींचा वाटा सुमारे १५ टक्के, अनुसूचित जमातींचा दोन टक्क्यांपेक्षा कमी. मातृभाषेच्या नोंदीत सुमारे तीन चतुर्थांश लोक मराठी आहेत. उरलेल्यांत कन्नड, तेलुगु, उर्दू आणि हिंदी. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांच्या गावांत कन्नड घरोघरी बोलली जाते. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकरांची तेलुगु ऐकू येते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी जिल्ह्यातील मतदार ३८ लाखांच्या घरात होते, म्हणजे एका आमदारामागे सरासरी साडेतीन लाख.

यापलीकडचे जे आकडे निवडणुकीच्या काळात सर्रास ऐकवले जातात, इतके लाख मराठा, इतके लाख धनगर, इतके लिंगायत, त्यांना अधिकृत आधार नाही. १९३१ नंतर अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची मोजणी जनगणनेतून प्रसिद्ध झालेली नाही. मतदार यादीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, लिंग आणि घर क्रमांक असतो. जात नसते, धर्म नसतो, पक्ष तर नसतोच. अमेरिकेत याबाबत वेगळी पद्धत आहे. तिथल्या अनेक राज्यांत मतदार नोंदणी करतानाच आपला पक्ष लिहून देतो. नॉर्थ कॅरोलिना, लुइझियाना यांसारख्या दक्षिणेकडील राज्यांत नोंदणी अर्जावर वंशही विचारला जातो. त्यामुळे तिथल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत किती मतदार कोणत्या पक्षाचे आणि कोणत्या वंशाचे, हे सरकारी कागदावरून कोणालाही पाहता येते. सोलापुरात हे काम पक्षाचा बूथ कार्यकर्ता करतो. छापील यादी घेऊन तो आडनावांवर खुणा करत जातो, आणि त्या खुणांची बेरीज पुढे 'समाजाचे मतदान' म्हणून वर्तमानपत्रांत अवतरते. एका गावापुरती ही बेरीज बहुधा बरोबर असते, कारण खुणा करणारा त्याच गावचा असतो. अशा साडेतीन हजारांहून अधिक केंद्रांच्या बेरजा एकत्र झाल्या की प्रत्येक नेत्याच्या खिशातला आकडा वेगळा निघतो आणि प्रत्येकाच्या आकड्यात त्याचाच समाज निर्णायक असतो.

मतदार कोण, याचे उत्तर या जिल्ह्यात हळूहळू रुंदावत गेले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मत देण्यासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट होती. अक्कलकोट संस्थानची प्रजा मुंबई प्रांताची मतदारच नव्हती, आणि सांगली संस्थानात असलेल्या मंगळवेढ्याचीही तीच स्थिती होती. तरीही त्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे जिवाप्पा ऐदाळे सोलापुरातून विधिमंडळात गेले. शहरात 'सेटलमेंट' या नावाने ओळखली जाणारी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. ज्यांना इंग्रजी कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, त्या जमातींची हजेरी तिथे रोज घेतली जाई. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पहिली सार्वत्रिक निवडणूक संपली त्याच वर्षी या माणसांवरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का कायद्याने पुसला गेला. प्रौढ मताधिकाराचा अर्थ सोलापूरइतक्या ठळकपणे फार थोड्या शहरांना दिसला असेल.

१९५२ मध्ये सोलापूर लोकसभा मतदारसंघ द्विसदस्य होता. एकाच मतदारसंघातून दोन खासदार, त्यांपैकी एक अनुसूचित जातीचा. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. देशभर काँग्रेसची लाट असताना गिरणगाव सोलापूरने दोन्ही जागा विरोधकांना दिल्या. पुढे द्विसदस्य पद्धत बंद झाली आणि सोलापूरची जागा खुली राहिली. त्या खुल्या काळातील खासदारांची नावे पाहण्यासारखी आहेत. १९६२ मध्ये लिंगायत समाजातील मडेप्पा काडादी. १९६७ पासून तीन वेळा मारवाडी उद्योजक सूरजरतन दमाणी. १९८० च्या दशकात गंगाधर कुचन आणि त्यानंतर धर्मण्णा सादूल, दोघेही तेलुगु भाषक. १९९६ मध्ये भाजपचे लिंगराज वल्याळ. मराठी भाषकांचे बहुमत असलेल्या मतदारसंघाने तीस-पस्तीस वर्षे जवळजवळ सलग अमराठी मातृभाषेचे खासदार दिल्लीला पाठवले, आणि याबद्दल शहरात फारशी तक्रार झाल्याचे दिसत नाही. काडादींचे मारवाडी वा तेलुगु मतदार आणि दमाणींचे कन्नड मतदार आपापल्या समाजाची बेरीज करत बसले असते तर ही मालिका शक्यच नव्हती. गिरणी, यंत्रमाग, बाजारपेठ आणि काँग्रेसची संघटना या धाग्यांनी ती माणसे बांधलेली होती.

असाच आणखी एक धागा डाव्या चळवळीचा. नरसय्या आडम हे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये सोलापूर शहर दक्षिणमधून आमदार झाले. त्यांचा पाया विडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया आणि यंत्रमाग कामगार यांच्यात होता. विडी कामगार स्त्री घरी बसून विडी वळते, तिचा मालक एक, तिचा ठेकेदार दुसरा, तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. तिला एकत्र आणणे सोपे नव्हते. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदुताई परुळेकर वसाहत उभी राहिली, तिचे उद्घाटन २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी केले. तिथेच रे नगर ही तीस हजार घरांची वसाहत आखली गेली, आणि तिच्यातील पहिल्या पंधरा हजार घरांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. घरे झाली, आडम यांची मते मात्र आटली. २००८ च्या पुनर्रचनेनंतर जुना शहर दक्षिण मतदारसंघ राहिला नाही. त्याच्या जागी आलेल्या शहर मध्यमधून काँग्रेसच्या प्रणिती शिंदे २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये निवडून आल्या. २०१४ आणि २०१९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर एमआयएमचा उमेदवार होता. कामगार म्हणून एका बाजूला उभे राहणारे मतदार नव्या हद्दीत समाज म्हणून विभागले गेले. यात पक्षांचे कर्तृत्व आहेच, पण रेघ हलल्याशिवाय हे इतक्या लवकर झाले नसते.

२००८ ची पुनर्रचना हा या जिल्ह्याच्या राजकारणातला सर्वांत मोठा भूकंप होता, असे म्हणायला हरकत नाही. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या त्या रचनेत जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा तेरावरून अकरावर आल्या. मंगळवेढा आणि उत्तर सोलापूर या जुन्या राखीव जागा गेल्या. मोहोळ आणि माळशिरस राखीव झाल्या. लोकसभेत पंढरपूरची राखीव जागा संपून माढा ही खुली जागा जन्माला आली, आणि सोलापूर राखीव झाले. या एका आदेशाने अनेकांची आयुष्ये वळली. माळशिरस हे अकलूजच्या मोहिते पाटील घराण्याचे घर. विजयसिंह मोहिते पाटील १९८० पासून तिथून निवडून येत होते आणि राज्याचे उपमुख्यमंत्रीही झाले होते. जागा राखीव झाल्यावर २००९ मध्ये ते पंढरपूरला गेले आणि भारत भालके यांच्याकडून पराभूत झाले. माळशिरसमध्ये त्याच वेळी राष्ट्रवादीचे हनुमंत डोळस निवडून आले, पुन्हा २०१४ मध्येही. उमेदवार राखीव प्रवर्गातला आणि यंत्रणा अकलूजची, असे त्या काळाचे वर्णन तालुक्यात केले जाई. माढा लोकसभेत पहिल्याच निवडणुकीत शरद पवार उभे राहिले, कारण बारामती त्यांनी मुलीसाठी मोकळी केली होती. २०१४ मध्ये ती जागा विजयसिंहांनी घेतली, २०१९ मध्ये भाजपचे रणजितसिंह नाईक निंबाळकर, आणि २०२४ मध्ये भाजप सोडून शरद पवारांच्या पक्षात आलेले धैर्यशील मोहिते पाटील सव्वा लाखाच्या जवळपास मताधिक्याने.

राखीव जागेचे तर्कशास्त्र वेगळे असते आणि सोलापूर लोकसभेत ते स्पष्ट दिसते. उमेदवार अनुसूचित जातीचा, पण मतदारांपैकी पाचांत चार किंवा त्याहूनही अधिक इतर समाजांचे. निकाल त्यांच्या हाती असतो. सुशीलकुमार शिंदे यांची कारकीर्द याचे जुने उदाहरण आहे. सोलापूरच्या न्यायालयात शिपाई, मग पोलीस उपनिरीक्षक, आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत करमाळ्यातून आमदार. १९९८ आणि १९९९ मध्ये ते सोलापूरच्या खुल्या जागेवरून खासदार झाले, म्हणजे आरक्षणाची गरज नसताना. २००३ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्यासाठी आनंदराव देवकते यांनी सोलापूर दक्षिणची आमदारकी सोडली. मग शिंदे यांनी मोकळ्या केलेल्या लोकसभेच्या जागी देवकते उभे राहिले आणि भाजपच्या प्रतापसिंह मोहिते पाटील यांच्याकडून हरले. दोन घरांची अदलाबदल दोन नेत्यांत ठरली होती, मतदारांनी तिचा अर्धाच भाग मान्य केला. राखीव झालेल्या सोलापुरात २००९ मध्ये शिंदे जिंकले, पण २०१४ मध्ये देशाचे गृहमंत्री असताना भाजपच्या शरद बनसोडे यांच्याकडून जवळपास दीड लाखाने पडले. २०१९ मध्ये तिरंगी लढत झाली. भाजपचे जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी, काँग्रेसचे शिंदे आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर. महास्वामी दीड लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले. लिंगायत मठाधिपती राखीव जागेवर उभा राहणे हा कुतूहलाचाही विषय होता. त्यांचा जातीचा दाखला पुढच्याच वर्षी पडताळणी समितीने अवैध ठरवला आणि वाद न्यायालयात गेला. लोकसभेची मुदत मात्र त्यांनी पूर्ण केली.

जातीच्या गणिताला सर्वांत ठाम उत्तर सांगोल्याने दिले. दुष्काळी, माणदेशाला लागून असलेला हा तालुका. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये इथून पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ या दोनच वेळा ते हरले. १९९५ चा पराभव अवघ्या १९२ मतांचा होता. ते धनगर समाजाचे होते आणि तालुक्यात धनगर मतदार मोठ्या संख्येने आहेत, हे खरे. पण तेवढ्या भांडवलावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. त्याच समाजाच्या बळावर इतर पक्षांनी दिलेले उमेदवार अनेक ठिकाणी पडलेले आहेत. देशमुखांमागे सूतगिरणी होती, टेंभू-म्हैसाळच्या पाण्यासाठी दिलेला लढा होता, डाळिंबाच्या बागा उभ्या राहताना केलेली मदत होती, आणि एस.टी.तून प्रवास करणारा आमदार ही प्रतिमा होती. २०१९ मध्ये वयामुळे ते थांबले. त्यांचे नातू अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले आणि शिवसेनेचे शहाजीबापू पाटील आमदार झाले. १९९५ मध्ये १९२ मतांनी जिंकणारे तेच शहाजीबापू, आणि २०२२ मध्ये शिवसेनेतील बंडाच्या वेळी गुवाहाटीतून फोनवर झाडी-डोंगरांचे वर्णन करून महाराष्ट्रभर पोचलेलेही तेच. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी पंचवीस हजारांहून अधिक मतांनी जागा परत आणली. राज्यात शेकापचा त्या वेळी निवडून आलेला हा एकमेव आमदार.

सोलापूर जिल्ह्यात मतदाराची आणखी एक यादी असते आणि पुष्कळदा तीच आधी तयार होते : साखर कारखान्याच्या सभासदांची. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेच्या काठचा ज्वारीचा जिल्हा उसाचा केला. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आज याच जिल्ह्यात आहेत, सहकारी आणि खासगी मिळून तिसाहून अधिक. कारखान्याचा चेअरमन ऊस कधी तोडायचा, दर किती द्यायचा, कोणाच्या पोराला नोकरी द्यायची हे ठरवतो. आमदारकीची वाट तिथून जाते. अभिजित पाटील यांनी २०२२ मध्ये पंढरपूर तालुक्यातील विठ्ठल सहकारी साखर कारखाना जिंकला आणि २०२४ मध्ये माढ्याची आमदारकी. समाधान आवताडे मंगळवेढ्याच्या दामाजी कारखान्याचे अध्यक्ष होते. भारत भालके यांच्या निधनानंतर झालेल्या २०२१ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी भालके यांचे पुत्र भगीरथ यांना ३,७३३ मतांनी हरवले. त्या निवडणुकीत मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील पाण्याविना राहिलेली ३५ गावे हा प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. सोलापूर शहरालगतच्या सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी विमानतळाला अडथळा म्हणून जून २०२३ मध्ये पाडण्यात आली, तेव्हा तो निर्णय विमानसेवेचा न राहता काडादी घराण्याशी आणि हजारो सभासदांशी निगडित राजकीय प्रश्न झाला. धर्मराज काडादी २०२४ मध्ये सोलापूर दक्षिणमधून अपक्ष उभे राहिले.

कारखान्याची मतदार यादी सार्वत्रिक यादीपेक्षा अरुंद असते. ऊस पिकवणारा, शेअर असलेला शेतकरी तिथे मतदार. त्याची पत्नी, शेतमजूर आणि बीडहून आलेला ऊसतोड कामगार नाही. बाजार समितीतही शेतकऱ्यांच्या वतीने सेवा सोसायट्या आणि ग्रामपंचायतींचे सदस्यच मत देत. २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला थेट मत दिले गेले आणि २०१८ मध्ये सोलापूर व बार्शी बाजार समित्यांच्या निवडणुका त्या पद्धतीने झाल्या. थोड्याच काळात ती तरतूद मागे घेतली गेली. जिल्ह्याच्या सत्तेची खरी किल्ली असलेल्या या संस्थांमधून भूमिहीन आणि स्त्रिया जवळजवळ बाहेर राहतात, ही गोष्ट समाजांची गणिते मांडताना बहुधा विसरली जाते.

ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांत चित्र बदलते. जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत; लोकसंख्येप्रमाणे सात ते सतरा सदस्य. सरासरी नऊ-दहा धरले तरी निवडून आलेल्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास जाते. २०१७ मध्ये जिल्हा परिषदेचे ६८ गट आणि पंचायत समित्यांचे १३६ गण होते. महाराष्ट्रात २०११ पासून या संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत, आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाच्या जागा चक्राकार फिरतात. आरक्षणाची सोडत हा त्यामुळे निवडणुकीचा पहिला दिवस ठरतो. तहसील कचेरीत लहान मुलाच्या हातून चिठ्ठी निघते आणि पाच वर्षे तयारी केलेला माणूस घरी जाऊन पत्नीचा किंवा सुनेचा अर्ज भरतो. 'सरपंच पती' ही थट्टा इथूनच आली. थट्टेत तथ्य आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत निवडून आलेल्या स्त्रिया स्वतः सही करतात, ग्रामसेवकाला जाब विचारतात, हेही आता गावोगाव दिसते. सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला, २०२० मध्ये रद्द झाला आणि २०२२ मध्ये परत आला. त्यामुळे सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचे, अशा ग्रामपंचायती कितीतरी. याउलट मोहोळ तालुक्यातील अनगरसारखे गाव वर्षानुवर्षे बिनविरोध राहिले. त्याला कोणी एकोपा म्हणते, कोणी दरारा.

जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांतून निवडला जातो आणि तिथे पक्षापेक्षा गट मोठा ठरतो. २०१७ मध्ये राष्ट्रवादीचे सदस्य सर्वाधिक असूनही संजय शिंदे भाजपच्या साथीने अध्यक्ष झाले. २०१९ च्या अखेरीस अनुसूचित जातीसाठी राखीव पदावर अनिरुद्ध कांबळे आले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गाच्या आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेला निकाल, बांठिया आयोगाचा अहवाल, गट-गणांच्या संख्येत झालेले बदल आणि तारखांवर तारखा यांत वर्षे गेली. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. तीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्यातील ग्रामीण मतदाराला आमदार होता, सरपंच होता, पण या दोहोंच्या मधला प्रतिनिधी नव्हता. रस्त्याच्या कामासाठी, शाळेच्या खोलीसाठी त्याला आमदाराकडेच जावे लागले. आमदारांचे वजन या काळात वाढले यात नवल नाही.

अमेरिकेतील ग्रामीण काउंटीशी तुलना इथे उपयोगी पडते. तिथे तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काहींची लोकसंख्या लाखांत, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत २०२० च्या गणनेत अवघी ६४ माणसे होती. अशा छोट्या काउंटीतही शेरीफ, क्लार्क, खजिनदार, करआकारणी अधिकारी हे बहुधा मतदानाने निवडले जातात. सोलापुरात पोलीस अधीक्षक, तहसीलदार, तलाठी, कोषागार अधिकारी हे सर्व नेमलेले. सातबाऱ्यावर नोंद लावणारा आणि फिर्याद घेणारा माणूस मतदाराला उत्तरदायी नसतो, म्हणून मतदार आमदाराकडून त्याला फोन करवतो. आमदार निवडताना 'आपले काम करणारा' हा निकष समाजाच्या निकषाइतकाच जड होतो, तो या व्यवस्थेमुळे.

२०२४ या एकाच वर्षात हे सारे एकदम तपासले गेले. ७ मे रोजी झालेल्या लोकसभेच्या मतदानात सोलापुरात प्रणिती शिंदे यांनी भाजपचे राम सातपुते यांना ७४,१९७ मतांनी हरवले, माढ्यात धैर्यशील मोहिते पाटील जिंकले आणि बार्शीकरांचे खासदार ओमराजे निंबाळकर तीन लाखांहून अधिक मतांनी. तिन्ही जागा महाविकास आघाडीकडे. मराठा आरक्षणाचे आंदोलन, कांद्याचा भाव, संविधानाविषयीची शंका, मुस्लिम व दलित मतांची एकजूट, अशी कारणे त्या वेळी दिली गेली. मोहोळ आणि पंढरपूरने शिंदे यांना भरघोस मताधिक्य दिले, शहर उत्तरने मात्र साथ दिली नाही. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरात, अकरापैकी पाच जागा भाजपने जिंकल्या : शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण आणि पंढरपूर. शहर उत्तरमधून विजयकुमार देशमुख २००४ पासून सलग पाचव्यांदा आले. लोकसभेत आघाडी देणारे पंढरपूर विधानसभेत आवताडे यांच्याकडे गेले. शहर मध्यमध्ये देवेंद्र कोठे यांनी एमआयएमच्या उमेदवाराला जवळपास ४९ हजारांनी मागे टाकले. उरलेल्या सहांत शरद पवारांच्या पक्षाचे चार : करमाळ्यात नारायण पाटील, माढ्यात अभिजित पाटील, मोहोळमध्ये राजू खरे, माळशिरसमध्ये उत्तमराव जानकर. बार्शीत उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे दिलीप सोपल, आणि सांगोल्यात शेकाप. राज्यभर महायुतीची लाट असताना सोलापूरच्या ग्रामीण पट्ट्याने तिच्याकडे पाठ फिरवली, आणि शहर व कर्नाटकच्या सीमेलगतच्या भागाने तिला कौल दिला. मधल्या सहा महिन्यांत कोणत्याही समाजाची संख्या बदललेली नव्हती. बदलले ते उमेदवार, पक्षांची जोडणी आणि घरी येणारे पैसे. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये त्या काळात स्त्रियांच्या खात्यांत जमा होत होते.

निकालावर संशयही याच जिल्ह्यातून मोठ्याने व्यक्त झाला. माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीत जानकर समर्थकांना, विधानसभेला त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या सातपुते यांना गावात मिळालेली जास्त मते पटेनात. आमदार त्यांचाच निवडून आला होता, तरी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर अभिरूप फेरमतदान घेण्याची त्यांनी तयारी केली. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झाले नाही. पण देशभरातील नेते पुढचे काही दिवस त्या गावाकडे धावत राहिले. मारकडवाडीची तक्रार मुळात यंत्राबद्दल होती, आणि तिच्या खाली बूथनिहाय बेरजेवरचा गावकऱ्यांचा विश्वास होता. आपल्या गावची मते आपल्याला माहीत आहेत, ही त्यांची खात्री. मतदान गुप्त असते हे त्या खात्रीत कुठे बसत नाही.

भाषेचा प्रश्न अक्कलकोटच्या बाजूने अधूनमधून डोके वर काढतो. १९६७ च्या महाजन अहवालाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा काही भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा असे सुचवले होते. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोटचा उल्लेख केल्यावर सीमेवरच्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, आणि तिच्यामागे कन्नडपेक्षा रस्ते आणि पाणी यांचा राग अधिक होता. निवडणुकीत मात्र अक्कलकोटने भाषेच्या नावावर वेगळा पक्ष कधी उभा केला नाही. इथून आमदार झाले तेव्हा सिद्धाराम म्हेत्रे काँग्रेसचे होते, सिद्रामप्पा पाटील आणि सचिन कल्याणशेट्टी भाजपचे. प्रचार कन्नडमध्ये आणि मराठीत, भांडण राज्याच्याच पक्षांचे.

मतदानाचा टक्का शहर आणि गाव वेगळे करतो. २०२४ च्या लोकसभेत सोलापूर मतदारसंघात सुमारे ५९ टक्के, माढ्यात सुमारे ६३ टक्के मतदान झाले. विधानसभेला सांगोला, माढा यांसारखे मतदारसंघ सत्तरीच्या पुढे जातात. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर विखुरलेले गलाई व्यावसायिक, पुण्याला कामाला गेलेली मुले ग्रामपंचायतीच्या मतदानाला गाड्या भरून येतात. लोकसभेला तेवढी धाव नसते, कारण गाडी पाठवणारा पॅनलप्रमुख तेव्हा तितका घायकुतीला आलेला नसतो.

या सगळ्या हद्दी आता पुन्हा हलणार आहेत. २००१ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या आणि विधानसभेच्या जागांची राज्यनिहाय संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. ती जनगणना २०२७ मध्ये होईल असे केंद्र सरकारने जाहीर केले असून १९३१ नंतर प्रथमच तिच्यात सर्व जातींची नोंद घेतली जाणार आहे. २०२३ च्या कायद्याने लोकसभेत आणि विधानसभेत स्त्रियांना दिलेल्या एक तृतीयांश जागाही जनगणना आणि पुनर्रचनेशी जोडलेल्या आहेत. मोहोळ आणि माळशिरसऐवजी कोणते मतदारसंघ राखीव होतात, मंगळवेढ्याला पुन्हा स्वतःचा आमदार मिळतो का, पंढरपूर तालुक्याचे चार तुकडे एकत्र येतात की पाच होतात, आणि अकलूज, करमाळा, बार्शी येथील घराण्यांपैकी कोणाची जागा स्त्रीसाठी जाते, हे प्रश्न त्या कामात सुटतील. बूथ कार्यकर्त्याच्या खुणांच्या जागी तेव्हा सरकारी आकडा असेल, आणि तो आकडा कोणत्या रेघेच्या आत मोजायचा हे पुनर्रचना आयोग ठरवील.